दोऱ्याचा हात कडेला

नार्वे, डिचोली
३ ऑगस्ट २०२५

योगिता,

तुझ्या आईला गाडीचा क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे लग्नाला एवढी वर्षं होऊन कळलेलं नाही. माझ्या मागे बसली की ती नार्व्याला डोळे मिटते आणि डिचोलीला उघडते. असल्या बाईला तू पोर्तुगालहून दोन मोटारसायकलींचे ढीगभर फोटो पाठवतेस आणि विचारतेस, "आई, कुठली बरी वाटते?" तिने चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाली, लाल बरी दिसते. आता सांग बघू, फोटो कोणासाठी होते?

बरं, नको सांगू. दोन वर्षं तू मला फोन केला नाहीस, मी तुला केला नाही, दोघंही शहाणी. पोर्तुगीज पासपोर्ट काढून जातेस तर जा, मग मला फोन करू नकोस, असं मी म्हणालो होतो. बापाचं तू तेवढंच ऐकलंस. पण गाडीचा विषय निघाल्यावर मला गप्प बसवेना. फोनवर माझा आवाज चढतो, तुझा त्याहून चढतो, म्हणून कागदावर लिहितो. आई याचा फोटो काढून तुला पाठवील. वाचलं की खुणा निळ्या होतात एवढं मला माहीत आहे.

आधी मी लिहिणार होतो की गाडी घेऊच नकोस. पण काल तुम्हा दोघींचं बोलणं मी सोप्यावर बसून ऐकलं. वृद्धाश्रमातली तुझी ड्युटी सकाळी सहाची, पहिली बस सातची, आणि तुला आपल्या कारमधून नेणारी बाई काम सोडून चालली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती नेईल, पुढे तुझं तू बघ. वेळेवर पोचली नाहीस तर काम जाईल, काम गेलं तर खोली जाईल. म्हणजे गाडी हवीच. कार परवडत नाही. लहान स्कूटर मी सुचवली असती, पण वाटेत हायवे आहे आणि डोंगर उतरून येणारे मोठे ट्रक आहेत म्हणतेस. मग लहान नको. खनिजाने भरलेला ट्रक शेजारून गेला की शंभरची गाडी कशी हलते ते मी अंगावर घेतलेलं आहे.

तर गाड्या. एनफिल्ड तीनशे पन्नास आपल्याच देशातून गेलेली, तुझ्यासारखी. थोडी चाललेली, सीट बसकी, तुझे पाय जमिनीला नीट टेकतील. पण मंद आहे आणि तुझे सगळे पैसे खाणार. लाल होंडा पाचशे जुनी आहे, म्हाताऱ्या पोस्टमनची. चेनला तेल दिसतं, म्हणजे माणूस गाडीला जपणारा. टायर मात्र गेलेत, चौथा फोटो मोठा करून बघ, कडेला चिरा आहेत. तिला दम आहे. ट्रक अंगावर यायला लागला तर पुढे निघून जाता येईल, आणि टायर, हेल्मेट, जाकीट यांना पैसे उरतील. मी असतो तर होंडा घेतली असती.

चालवताना काय करायचं ते तुला नव्याने सांगायला नको. साखळी गावातल्या शाळेत पेट्रोलच्या टाकीवर बसवून न्यायचो तेव्हा रोज घोकून घेतलं होतं, तेच. डावी कड सोडायची नाही. रस्त्यावर येताना आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, परत उजवीकडे. ते विसरली नाहीस तर तुला काही होणार नाही.

बाबा
(गोकुळदास, हे आईने लिहायला सांगितलं. जसे काय तुला दहा बाप आहेत.)


१२ ऑगस्ट २०२५

योगिता,

खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. मग शनिवारी तू आईला म्हणालीस, "बाबांना सांग, होंडा घेतली." मी ते ऐकलं आणि उठून गाडी पुसायला गेलो. ती पुसलेलीच होती.

स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. कृष्णनाथाला तू ओळखतेस, माझ्या मागच्या नंबरला उभा राहतो तो, तपकीर ओढणारा. तो विचारतो, आमच्यासारखा पिवळा मडगार्ड लावून भाडी मारणार काय ती तिकडे. तू तिथे कोणाला बाप पायलट आहे म्हणून सांगत असलीस तर विमानाचा समजतील. मागे एक माणूस बसवून डिचोलीहून साखळीला सोडणारा, असं नीट सांग.

हसून झाल्यावर मात्र भानावर आलो. आजवर तो नुसता फोटो होता. आता ती लोखंडाची खरी गाडी आहे, तुझ्या दारात उभी आहे, आणि ती तू माझ्या शब्दावर घेतलीस. आई म्हणते, तुमचं ऐकलं तर खूश व्हा की. मी खूश आहे गो. पण भीतीही वाटते.

टायर आधी बदल. गाडीची कागदपत्रं तुझ्या नावावर होईपर्यंत ती दारातच राहू दे, बरंच आहे. तिथले रस्ते जुन्या दगडी फरशीचे आहेत असं तू आईला दाखवलं होतंस. ओल्या फरशीवर पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. आपल्याकडे खाणीची लाल धूळ रस्त्यावर साचते आणि वर दोन थेंब पडतात, तेव्हा कसं साबणासारखं होतं, तसं समज.

मी रोज दोन भाडी कमी मारतो आहे. गाडीवर बसलो की तू कुठल्या वळणावर असशील तेच डोक्यात येतं. गाडी अजून दारातच आहे हे माहीत असून येतं.

बाबा


१९ ऑगस्ट २०२५

योगिता,

पहिलं पत्र फाडून टाक. म्हणजे फोनमधून पुसून टाक. त्यातला शेवटचा भाग तर वाचलाच नव्हता असं समज.

मी तुला डावी कड सोडू नकोस म्हणून लिहिलं. तुमच्याकडे उजव्या कडेने चालवतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, टीव्हीवर बघतोच की. पण लिहिताना साखळीचा रस्ता डोळ्यांपुढे होता आणि टाकीवर तू. लिहून गेलो. तुझ्या आईने फोटो काढला, तिच्याही लक्षात आलं नाही. तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस. का बोलली नाहीस? हसलीस का? हसली असशील तर बरं. पण तुला ते बरोबरच वाटलं असेल, तर मी काय करू?

रविवारी भाडं घेऊन पेडण्याला, हरमलच्या किनाऱ्यापर्यंत गेलो होतो. येताना एक अपघात बघितला. परदेशी मुलगी, तुझ्याच वयाची, भाड्याची स्कूटर घेऊन रस्त्याच्या उलट्या बाजूने समोर आली. जिवावरचं काही नाही. तिथे उभ्या उभ्या मला माझं पत्र आठवलं.

परत लिहितो. उजवी कड. आधी डावीकडे बघायचं. मी शाळेच्या वाटेवर शिकवलं त्याच्या बरोबर उलट. तू ते पाच वर्षांची असल्यापासून घोकलं आहेस आणि घोकवणारा मी होतो. ते तुझ्या डोक्यातून आता कोण काढणार?

मी सध्या घरी आहे. पाऊस फार, स्टँडवर जात नाही. आईने दुसरं काही सांगितलं तर लक्ष देऊ नकोस.

बाबा


५ सप्टेंबर २०२५

बाय,

चतुर्थीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला मी स्टुलावर चढलो नाही, खुर्चीत बसून सुपाऱ्या आणि कवंडळं पुढे करत होतो, हे तू व्हिडिओत पाहिलंस आणि आईला फैलावर घेतलंस. तिने सगळं सांगून टाकलं. एवढे दिवस तिने पोटात ठेवलं हेच खूप. तर आता लपवून उपयोग नाही. अपघात मी बघितला नव्हता, तो मलाच झाला होता.

माणूस उतरवून मी एकटा परत येत होतो. वळणापलीकडे पेट्रोल पंप आहे. मी माझ्या डाव्या कडेला, सावकाश. ती मुलगी पंपातून बाहेर पडली, रस्ता दोन्हीकडे रिकामा, आणि तिने तिच्या देशातली बाजू धरली. वळणावर आम्ही समोरासमोर आलो. मी गाडी चरात घातली, ती ब्रेक दाबून पडली. माझ्या पायाला टाके पडले, तिच्या खांद्याचं हाड मोडलं. माझ्या तोंडात शिवी आली होती ती तोंडातच राहिली, कारण तीच माझ्यावर ओरडत होती. चुकीच्या बाजूला मी आहे अशी तिची खात्री होती. चांगला हात वर करून मला दाखवत होती की ही बाजू माझी. तेवढ्यात पेडण्याची बस आली, आपल्या बाजूने आली, आणि तिचा हात खाली गेला. मग ती रस्त्याकडेला खाली बसली. मी तिला माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी पाजलं. तिच्या जागी मला तू दिसत होतीस, आणि तुला पाणी पाजायला तिथे कोण असेल ते दिसत नव्हतं.

टाके काढल्यावर गाडी सुरू केली आणि परत बंद केली. आयुष्यभर पायलटकी केली आणि घराचं गेट ओलांडवेना. स्टँडवर कोणाला हे सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

मग दोन दिवसांनी मन घट्ट करून एक वेडेपणा केला. खाणीचा खासगी रस्ता तुला आठवतो, ट्रकांचा. पावसात खाण बंद, रस्ता मोकळा. तिथल्या दोडामार्गच्या वॉचमनला म्हणालो, पाय सुटा करायचा आहे, दोन फेऱ्या मारू दे. त्याने सोडलं. आणि मी त्या रस्त्यावर उजव्या कडेने गाडी चालवली. तुझ्या रस्त्यावर कसं वाटतं ते मला कळायला हवं होतं. वॉचमनला वाटलं मी पिऊन आलो आहे.

आता जे कळलं ते लिहितो, नीट वाच. सरळ जाताना चूक होत नाही. समोर दुसरी गाडी असली तरी होत नाही, तिच्याकडे बघून आपण बरोबर राहतो. तिकडे परवाना काढलास त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येही झाली नसेल, शिकवणारा कानाशी असतो. चूक होते थांबून परत निघताना, रस्ता रिकामा असताना आणि आपण एकटे असताना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डावीकडे वळताना. आपल्याला सवय आहे डावं वळण आखूड घ्यायची. तिथे डावं वळण लांब घ्यायचं आहे, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला. मी सहा वेळा वळलो आणि चार वेळा हात आपोआप जवळच्या कडेला गेला. मनात म्हणत होतो उजवीकडे, उजवीकडे, तरीही.

म्हणून आता वाटतं, एनफिल्ड सांगायला हवी होती. मंद गाडी असली तर निघता निघता चूक लक्षात यायला वेळ मिळतो. होंडा तुला एका दमात चुकीच्या जागी नेऊन ठेवील. मी ट्रकला भ्यालो आणि दम असलेली गाडी निवडून दिली. ट्रक तर तुला दिसेलच. रिकाम्या रस्त्याला भ्यायचं मला सुचलं नाही. आता विकून दुसरी घे म्हणत नाही, पैसे कुठले आणणार. पहिल्या गिअरमध्ये निघ, आणि रस्ता रिकामा दिसला की आधी थांब.

आणखी एक. खाणीच्या रस्त्यावर चुकायला लागलो तेव्हा माझं लक्ष हातातल्या देवळाच्या दोऱ्याकडे गेलं. म्हटलं, दोऱ्याचा हात कडेला. नंतरच्या वळणांना चुकलो नाही. भांबावल्यावर उजवं डावं आठवत नाही, पण लाल दोरा दिसतो. तसाच दोरा भटजींकडून तुझ्यासाठी आणला आहे. साखळीचा प्रथमेश अठरा तारखेला तिकडे परत निघतो आहे, त्याच्याकडे देतो. हाताला बांध आणि निघताना म्हण, दोऱ्याचा हात कडेला. हसलीस तरी चालेल, पण म्हण.

बाबा


२२ सप्टेंबर २०२५
डिचोली स्टँड

बाय,

आज तू पहिल्यांदा गाडी घेऊन कामावर जाणार. सकाळी चहा पिताना मी आईला विचारलं, दोरा मिळाला काय तिला. म्हणाली, मिळाला, काल रात्रीच बांधला, मी फोनवर सांगितलं ना तिला, बायकांनी डाव्या हाताला बांधायचा असतो.

माझ्या हातातला पाव बशीत पडला.

मी पुरुष माणूस, मला उजव्या हाताला बांधतात. तुला कुठल्या हाताला ते मी लिहिलंच नाही. माझ्या मनात दोऱ्याचा हात म्हणजे उजवाच होता. आणि आईने देवाधर्माचं बरोबर तेच सांगितलं. तिची काही चूक नाही. तिला मी वाट्टेल ते बोललो, ती रडत बसली आहे, ते वेगळं.

डाव्या हाताला दोरा, आणि दोऱ्याचा हात कडेला. म्हणजे मी तुला डाव्या कडेला धाडलं. दुसऱ्यांदा.

आईच्या फोनवरून तुला चार वेळा फोन लावला. बंद लागतो. झोपताना तू तो बंद करतेस म्हणे. निरोप पाठवला, एकच खूण आली, करडी. आईचा फोन घेऊनच मी स्टँडवर आलो आहे. घरी बसवत नव्हतं, आणि चालवायलाही धीर नव्हता, कृष्णनाथाच्या मागे बसून आलो.

आता तुमचे साडेपाच वाजत आले. तू हेल्मेट घालत असशील. काळोख असेल, रस्ता रिकामा असेल. तुझ्या दारातून डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे मी कधी विचारलंच नाही. एवढी पत्रं लिहिली आणि तेच विचारलं नाही.

तू शहाणी आहेस. दोरा कुठल्याही हाताला असला तरी तुला रस्ता कळतो, दोन वर्षं तिथे राहतेस, मी काय लहान मूल समजतो काय तुला. हे मी मला सांगतो आहे. पण चार वेळा माझाच हात चुकला होता आणि मला कोणी घाई केली नव्हती, मला कामावर उशीर होत नव्हता.

एक भाडं आलं होतं, मयेला. नंबर माझा होता. कृष्णनाथाला दिलं.

खूण अजून करडीच आहे.


२३ सप्टेंबर २०२५
नार्वे

बाय,

काल आपल्या दुपारी तुझा निरोप आला. "पोचले. सगळं ठीक. पहिल्याच दिवशी वेळेवर." खाली गाडीचा फोटो, आश्रमाच्या दारात उभी केलेली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्याशी बोलायला लागली. शेजारी जाऊन फोटो दाखवून आली. मी पण दाखवला, स्टँडवर सगळ्यांना.

संध्याकाळी तो फोटो मी परत उघडला. टायर नवे बसवलेस ते बघत होतो. मग मोठा करून बघितला.

डाव्या हँडलचं टोक घासलेलं आहे. क्लचची दांडी वाकली आहे, फार नाही, बोटभर. आणि रबरावर पांढरं लागलं आहे. तुमच्याकडे घरांच्या भिंती चुन्याने पांढऱ्या असतात, ते तू पहिल्या वर्षी आईला किती कौतुकाने दाखवायचीस. पोस्टमनच्या घरच्या फोटोत हे काही नव्हतं, मी ते फोटो परत काढून ताडून पाहिले.

उजव्या कडेने चालणाऱ्या गाडीचं डावं टोक रस्त्याच्या मध्याकडे असतं. त्याला भिंत कशी लागेल?

मी आईला काही दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. तू "सगळं ठीक" लिहिलंस. मीही पायाला पट्टी बांधून तुला तेच लिहिलं होतं, तेव्हा मी कुठल्या तोंडाने रागावू? पण मला काल झोप नाही, आज जेवण नाही. चरात पडताना मला जी भीती वाटली नव्हती ती आता वाटते आहे.

ती दांडी आजच बदल, वाकलेली दांडी ऐन वेळी तुटते. दोरा उजव्या हाताला बांध. भटजींना विचारून आलो, ते आधी नाही नाही म्हणत होते, मग मी सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाले, देव हात बघत नाही, बांध म्हणावं.

आणि एवढं कर. निघताना माझ्या साध्या फोनवर एक रिंग दे आणि काप. पोचल्यावर आणखी एक रिंग दे आणि काप. मी उचलणार नाही. तुझे पैसे जाणार नाहीत, आणि बोलावंही लागणार नाही, तू नको बोलू. आपण स्टँडवर नाही काय करत, माणूस पोचला की मिस कॉल. तेवढंच.

बाबा


२५ सप्टेंबर २०२५

योगू,

हे पत्र तुला पाठवावं की नाही मला कळत नाही, कारण तुला हे सगळं माहीतच आहे. पण लिहिल्याशिवाय माझं मन थाऱ्यावर येणार नाही.

काल निघतानाची रिंग आली. एक वाजली आणि कापली. पोचल्याचीही आली. फोन शर्टाच्या खिशात होता, दिवसभर तिथे हात जात होता. आज सकाळी पहिली रिंग आली, बरोबर. मी नंबरला उभा होतो. एका बाईला बाजारात सोडून परत आलो, फार हळू, पण स्वतःच चालवली, अपघातानंतर भाडं घेऊन पहिल्यांदाच. मग बांकावर बसून दुसरीची वाट बघत राहिलो.

ती आली. एक वाजली. कापली नाही. दोन, तीन. वाजतच राहिली.

तू कापणार होतीस. तसं ठरलं होतं. तू कापत नाहीस म्हणजे फोन तुझ्या हातात नाही. तुझा फोन कोणीतरी रस्त्यावरून उचलला आहे आणि शेवटचा नंबर लावला आहे, असंच माझ्या मनात आलं, दुसरं काही येईना. पेडण्याला त्या मुलीचा फोनही मीच उचलून तिच्या माणसांना लावला होता. मी फोनकडे बघत होतो आणि मला अंगठा हलवता येईना. कृष्णनाथ समोर तपकीर चिमटीत धरून उभा होता. त्याच्यापुढे फोन धरला. त्याला समजलं. त्याने चिमूट टाकून दिली, हात पँटला पुसला आणि फोन कानाला लावला. हॅलो म्हणाला. मग ऐकत राहिला. त्याचं तोंड मला वाचता येईना.

"गोकुळदास," तो म्हणाला, "तुजें चेडूं, योगिता. विचारता, बाबा खंय?"

मग तू काय बोललीस आणि मी काय बोललो ते तुला माहीत आहे. तरी लिहितो. तू म्हणालीस, "बाबा, सोमवारी मी भिंतीला घासले होते. दारातून डावीकडे वळले आणि जवळची कड धरली. समोरून कार आली." मी म्हणालो, माहीत आहे. कसं, विचारलंस. मी चुना म्हणालो. तू हसायला गेलीस आणि मग तुला हसता आलं नाही. नंतर म्हणालीस की आईला सांगू नको, आणि मी म्हणालो की बरं. दोरा आता उजव्या हाताला आहे म्हणालीस, आणि दोन्ही दिवस दारात थांबून तू ते मोठ्याने म्हटलंस, शेजारीण खिडकीतून बघत होती. मग तुझी ड्युटी सुरू झाली आणि तू फोन ठेवलास. दोन वर्षांनी तू माझ्याशी बोललीस आणि आपण सगळं गाडीचंच बोललो, तुझी तब्येत विचारायची राहिली.

नंतर मी बांकावरून उठू शकलो नाही. कृष्णनाथाने माझा नंबर धरून ठेवला, दोन गाड्या पुढे जाऊ दिल्या, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आणून दिला.

माझी भीती गेलेली नाही, बाय. ती जाणार नाही, मला कळून चुकलं आहे. तू तिथे रोज सकाळी काळोखात डावीकडे वळणार आणि मी इथे फोन हातात घेऊन बसणार. ते असंच चालेल. पण एक रिंग वाजून थांबते ना, त्यानंतर फोन मुका होतो, ते मला आता सोसत नाही. पैसे जाऊ देत. ते मी भरीन, इथे दोन भाडी जास्त मारीन.

उद्यापासून कापू नकोस. मी उचलीन.

बाबा